थ्रॉटल बॉडीचे कूलंट पाईप बायपास करावेत का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. २०१४ ची १२०० सीसी पेट्रोल हॅचबॅक, राहायला पुण्यात, अधूनमधून साताऱ्याला जाणं-येणं. एप्रिल लागल्यापासून एसी चालू ठेवून खंबाटकी घाट चढताना गाडी ओढत नाही, सारखं दुसऱ्या गिअरवर यावं लागतं, आणि मागच्या उन्हाळ्यात असं नव्हतं. वर पोचल्यावर बॉनेट उघडून थ्रॉटल बॉडीला, म्हणजे इंजिनात किती हवा जावी हे ठरवणाऱ्या धातूच्या नळकांड्याला, हात लावलात तर चटका बसला. मग एका व्हिडिओत पाहिलंत की थ्रॉटल बॉडीतून इंजिनाचं गरम पाणी फिरवलेलं असतं, ते दोन पाईप काढून एकमेकांना जोडले की हवा गार राहते आणि चार-पाच हॉर्सपॉवर वाढते. हे करून घ्यावं का, इंजिनाला धोका आहे का, आणि येत्या जानेवारीत मनालीला गाडी न्यायची आहे तर तिथे अडचण येईल का, असे तीन प्रश्न विचारलेत.

आधी सरळ उत्तर देतो. एवढ्याने तुमची गाडी खंबाटकी चढायला लागणार नाही. पाईप नीट वळवले तर पुण्याच्या हवेत इंजिनाचं लगेच काही बिघडणारही नाही. मनालीला मात्र अडचण येऊ शकते. पण तुमची मूळ तक्रार खरी आहे आणि तिच्यावर उपाय आहे. तो थ्रॉटल बॉडीच्या पाण्यात नाही, इतकंच. माझ्याकडे दर उन्हाळ्यात अशा गाड्या येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कंपनीने ते पाणी तिथे का नेलं, हे आधी बघू. इंजिन आयडलिंगला किंवा हलक्या पायाने चालत असतं तेव्हा बटरफ्लाय (थ्रॉटल बॉडीतली हवा अडवणारी चकती) जवळजवळ बंद असतो. पलीकडे मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांमध्ये) व्हॅक्यूम, अलीकडे बाहेरच्या हवेचा दाब. कडेच्या बारीक फटीतून हवा प्रचंड वेगाने आत घुसते आणि त्या फटीत तिचं तापमान एकदम उतरतं. बाहेर हवा दमट असेल आणि पारा शून्याच्या आसपास असेल, तर तिच्यातलं बाष्प बटरफ्लायच्या कडेला बर्फ होऊन चिकटतं. त्यात क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या, ऑइलच्या भागातली) वाफ पीसीव्ही नावाच्या व्हॉल्व्हच्या पाईपने मॅनिफोल्डच्या बाजूला येतच असते, आणि तिच्यातही पाणी असतं. बर्फाने फट बुजली की आयडलिंगला इंजिन बंद पडतं. बटरफ्लाय उघड्या स्थितीत अडकला तर ॲक्सिलरेटर सोडूनही गाडी ओढत राहते, आणि घाटात हे जिवावर बेतू शकतं. म्हणून ८०-९० अंशांचं पाणी थ्रॉटल बॉडीच्या पोटातून फिरवून ते धातूचं अंग कायम ऊबदार ठेवतात.

कार्ब्युरेटरच्या काळात हे दुखणं फार मोठं होतं. तिथे पेट्रोल कार्ब्युरेटरमध्येच हवेत मिसळायचं आणि उडताना आजूबाजूची उष्णता ओढून घ्यायचं. बाहेर १५-२० अंश असतानाही आत बर्फ धरू शकायचा. छोट्या पिस्टन विमानांचे वैमानिक म्हणूनच आजही कार्ब्युरेटरला गरम हवा देण्याचा दांडा हाताशी ठेवून उडतात. आपल्या इंजेक्शनच्या गाड्यांत पेट्रोल थ्रॉटलच्या बरंच पुढे, थेट व्हॉल्व्हजवळ फवारलं जातं. त्यामुळे थ्रॉटलपाशी गारठा त्या मानाने खूपच कमी होतो. धोका उरतो तो गोठवणाऱ्या, ओलसर थंडीत. पण एकच मॉडेल केरळातही विकायचं आणि काश्मीरमध्येही, म्हणून पाईप सगळ्यांनाच बसतात.

आता हवा किती तापते ते बघू, कारण व्हिडिओतला सगळा दावा याच्यावर उभा आहे. हिशोब सोपा आहे, कागदावर करून बघा. १२०० सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा स्वतःच्या मापाइतकी हवा ओढतं. ६००० आरपीएमला मिनिटाला ३६०० लिटर, म्हणजे सेकंदाला ६० लिटर. सिलिंडर पूर्ण भरत नाहीत हे धरून ५० लिटर म्हणू. थ्रॉटलचा व्यास ५० मिलिमीटर धरला तर त्यातून हवा सेकंदाला सुमारे २५ मीटर वेगाने जाते. थ्रॉटल बॉडीची लांबी जेमतेम ७ सेंटिमीटर. म्हणजे हवेचा कण त्या गरम भिंतीच्या सोबतीला सेकंदाच्या हजाराव्या भागाचे तीन भाग एवढाच वेळ असतो. तव्यावरच्या भाकरीवर पाण्याचा हात फिरवणाऱ्याचा हात जसा भाजत नाही, तसंच हे आहे.

याच हिशोबाची दुसरी बाजू. सेकंदाला ५० लिटर हवा म्हणजे साधारण ५५ ग्रॅम, आणि ती एका अंशाने तापवायला जवळपास ५५ वॉट उष्णता लागते. ८५ अंशांची भिंत, ४० अंशांची हवा, आणि त्या नळीच्या आतलं क्षेत्रफळ आपल्या तळहाताएवढं. यातून हवेला जाऊन जाऊन पन्नास-साठ वॉट, फार तर ऐंशी वॉट मिळतात. म्हणजे हवा एखाद्या अंशाने तापते, फार ओढलं तर दीड. ४० अंशांच्या हवेत एक अंश कमी झाला की हवेची घनता ०.३ टक्के वाढते. ८०-८५ हॉर्सपॉवरच्या इंजिनात ही वाढ पाव हॉर्सपॉवरची झाली. एवढा फरक ड्रायव्हरला कळत नाही आणि डायनोवरही (ताकद मोजायच्या मशीनवर) दोन रनमधल्या नेहमीच्या फरकात विरून जातो.

हलक्या पायाने चालताना हवा हळू जाते, मग तेव्हा ती जास्त तापणार की, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, तेव्हा ती थोडी जास्त तापते. पण त्या वेळी इंजिनाला पूर्ण ताकद नकोच असते. बटरफ्लाय अर्धवट मिटलेला असतो, हवा मुद्दाम अडवलेली असते. हवा थोडी विरळ झाली तर पाय केसभर जास्त दाबला जातो आणि ताकद तेवढीच मिळते. ताकद कमी पडल्याचं जाणवतं ते पेडल पूर्ण दाबल्यावर, आणि तेव्हा हवा इतक्या वेगात असते की तिला तापायला वेळ मिळत नाही. या बायपासबद्दल एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी पुरे. थ्रॉटल ओलांडल्यावर तीच हवा इंजिनाच्या हेडमधल्या पोर्टातून, तापलेल्या इनटेक व्हॉल्व्हवरून जाते, आणि तिथे तिला याहून कितीतरी जास्त उष्णता लागते. ती आपण कमी करू शकत नाही.

मग ज्यांनी केलं त्यांना गाडी हलकी का वाटते? मी हे गिऱ्हाईकांबरोबर बसून पाहिलं आहे. काम इंजिन थंड करून होतं, तास-दोन तास बॉनेट उघडं असतं, एअर फिल्टरचा बॉक्स आणि मॅनिफोल्ड निवलेले असतात. त्यात संध्याकाळ झालेली असते. अशी गाडी बाहेर काढली की ती छान पळणारच, पाईप हलवले असोत वा नसोत. कुणी त्याच वेळी बॅटरीची वायर काढलेली असते, एअर फिल्टर झटकलेला असतो, थ्रॉटल साफ केलेला असतो. दुसऱ्या दिवशी दुपारी सिग्नलला उभं राहून पुन्हा चालवली की आदल्या दिवशीचा फरक उरत नाही. नंतर थ्रॉटल बॉडीला हात लावला तर ती खरंच पूर्वीपेक्षा गार लागते, विशेषतः मॅनिफोल्ड प्लास्टिकचा असेल तर, कारण प्लास्टिक हेडची उष्णता पुढे येऊ देत नाही. ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड असेल तर पाणी काढूनही ती तापतेच. पण धातू गार लागला म्हणजे आतून धावणारी हवा तेवढीच गार झाली, असा अर्थ होत नाही.

ही युक्ती गाजली ती अमेरिकेत. १९९७ नंतरच्या कॉर्व्हेट आणि कॅमॅरोमध्ये ५.७ लिटरचं एलएस१ नावाचं व्ही-८ इंजिन यायचं, त्याच्या मालकांमध्ये हा बायपास फार लोकप्रिय झाला. तिथली एक गोष्ट आपल्याही कामाची आहे. त्या इंजिनात दोन्ही हेडमध्ये साठणारी वाफ आणि हवा बाहेर काढणारी बारीक नळी थ्रॉटल बॉडीतूनच पुढे रेडिएटरकडे जाते. ज्यांनी दोन नळ्या एकमेकींना जोडल्या त्यांचं चाललं. ज्यांनी बूच मारून नळ्या बंद केल्या त्यांनी हेडमधली हवा निघण्याची वाटच बंद केली. हेडमध्ये हवेचा फुगा अडकला की तिथलं पाणी हटतं, तेवढा भाग बेसुमार तापतो, आणि टेंपरेचरचा सेन्सर पाण्याबाहेर राहिला तर काटा खालीच राहतो. हेड गॅस्केट जायला आणखी काही लागत नाही. आपल्याकडच्या कित्येक इंजिनांतही ही बारीक लाइन असंच दुहेरी काम करते. म्हणून कुठलीही गाडी असो, थ्रॉटलची पाण्याची लाइन बुजवायची नाही. वळवायची असेल तर वाहती ठेवून वळवायची.

आता तुमच्या गाडीवर काय अवलंबून आहे ते सांगतो. तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून विचारतो: गाडीला सीएनजी किट आहे का? असेल तर त्या पाईपांना हात लावण्याआधी त्यांचा माग काढा. सिलिंडरमध्ये गॅस २०० बारपर्यंत दाबलेला असतो. रिड्युसरमध्ये तो दाब एकदम उतरतो आणि रिड्युसर बर्फासारखा गार पडतो. त्याला ऊब द्यायला कूलंट लागतं, आणि बाहेरून किट बसवणारे फिटर ते कूलंट बऱ्याचदा हीटरच्या किंवा थ्रॉटल बॉडीच्याच लाइनमधून घेतात, कारण तो पाईप हाताशी असतो. तिथे कुणी आडवंतिडवं जोडलं तर रिड्युसर गोठतो, गॅस कमी पडतो, गाडी मिसिंग करते आणि आतला डायफ्राम कडक होऊन जातो. मालक मग महिनाभर प्लग आणि कॉइल बदलत बसतो. हिवाळ्यात सकाळी पेट्रोलवर ठीक आणि सीएनजीवर टाकली की झटके, अशी तक्रार घेऊन गाडी आली की मी आधी रिड्युसरला हात लावून बघतो.

दुसरी अट जुन्या गाड्यांची. केबलने चालणाऱ्या थ्रॉटलच्या काही गाड्यांत थ्रॉटल बॉडीच्या पोटात मेणाची एक कॅप्सूल असते. इंजिन थंड असताना ती जादा हवेची वाट उघडी ठेवते, म्हणून सुरुवातीला आयडलिंग चढं असतं. पाणी तापलं की मेण फुगतं, वाट बंद होते, आरपीएम खाली येतो. अशा गाडीचं पाणी काढलंत तर मेण तापणारच नाही आणि इंजिन कायम १५००-२००० आरपीएमला बसून राहील. तुमची २०१४ ची गाडी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची असणार, तिला हा त्रास नाही. पण वाचणाऱ्यांत कुणाकडे १९९८-२००५ च्या काळातली गाडी असेल तर हा बायपास अजिबात करू नका. टर्बो गाडी असेल तरीही नको. तिथे पाण्याच्या लाइन टर्बोलाही जातात आणि कुठली कुठे जाते हे वरून कळत नाही.

मी स्वतः हा बायपास एकाच कारणासाठी करतो: थ्रॉटल बॉडी पाण्याला गळायला लागली असेल तर. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालायची सवय ज्यांना आहे, त्यांच्या गाडीत क्षार साठतात आणि ॲल्युमिनियम आतून कुरतडलं जातं. पाण्याच्या भागाची पत्री किंवा गॅस्केट सडतं आणि कूलंट थेंबथेंब बाहेर येतं. नवी थ्रॉटल बॉडी महाग, शिवाय मागवायला वेळ लागतो. अशा वेळी सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे या भागात गाडी चालणार असेल तर बायपास करून देणं मला योग्य वाटतं. गिऱ्हाईकाला तसं सांगतो आणि बिलावर लिहूनही देतो, म्हणजे उद्या गाडी विकली किंवा दुसऱ्या गॅरेजला गेली तर तिथल्या माणसाला कळावं. वॉरंटीत असलेल्या गाडीला मात्र कुणीही हे करू नये. उद्या दुसऱ्या कुठल्या कारणाने इंजिन तापलं तरी बोट याच जोडणीकडे दाखवलं जाईल.

करायचंच झालं तर इंजिन पूर्ण थंड हवं. गरम असताना रेडिएटरचं किंवा टाकीचं झाकण उघडायचं नाही. आत दाब असतो, आणि झाकण उघडताच दाब उतरून पाणी उसळून अंगावर येतं. दोन्ही होज काढताना खाली स्वच्छ भांडं धरा. हे कूलंट जमिनीवर सांडू देऊ नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि दगावतात. जोडायला पितळेचा, दोन्हीकडे खाचा असलेला निपल घ्या, होजच्या आतल्या मापाचाच. गॅरेजमध्ये ठिबक सिंचनाचे प्लास्टिक जॉइंटर सर्रास वापरलेले दिसतात, कारण ते कुठल्याही शेतीच्या दुकानात दोन रुपयाला मिळतात. ते शेतातल्या गार पाण्यासाठी केलेले असतात. १०० अंशांच्या आसपासच्या, दाबाखालच्या पाण्यात ते मऊ पडतात आणि नेमके घाटात सुटतात. दोन्ही बाजूंना चांगली क्लिप, होजला कुठे मुरड नाही, एक्झॉस्टजवळून किंवा धारदार कडेवरून जात नाही, एवढं बघा. थ्रॉटल बॉडीच्या उघड्या राहिलेल्या दोन नळ्यांवर रबरी टोप्या लावा. पुढे कधी पूर्ववत करायचं झालं तर आत माती जमलेली नसावी. मग कंपनीने सांगितलेल्या जातीचंच कूलंट भरा, केबिनचा हीटर फुल गरमवर ठेवून इंजिन चालवा, पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा, म्हणजे आतली हवा निघते. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर पातळी पुन्हा तपासा. ती खाली गेलेली असेल तर तेवढं भरा, आणि तिसऱ्या दिवशीही गेली तर कुठेतरी गळतंय.

आता खंबाटकी. तुमच्या गाडीची ताकद कुठे जाते याचा ताळेबंद मांडू. डिसेंबरातल्या सकाळी १५ अंश असतात, एप्रिलच्या दुपारी ४०. एवढ्याने हवेची घनता ८ टक्के घटते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, म्हणून मुंबईच्या तुलनेत हवेचा दाब साधारण ६ टक्के आधीच कमी, घाटात आणखी कमी. एसीचा कंप्रेसर कडक उन्हात तीन-चार हॉर्सपॉवर सहज खातो. हे सगळं मिळून डिसेंबरात मुंबईत मिळणाऱ्या ताकदीचा पाचवा-सहावा भाग गेलेला असतो, आणि गाडीत कुठलाही बिघाड नसतो. चार माणसं आणि सामान असेल तर १२०० सीसीच्या गाडीने त्या चढावर दुसरा गिअर मागणं यात काही वावगं नाही. दुसऱ्यावर घ्या आणि ३५००-४००० आरपीएमवर चढू द्या. तिसऱ्यात दामटून १८०० वर रखडवण्यापेक्षा इंजिनाला ते कितीतरी सोसतं. आवाज वाढला म्हणून घाबरू नका.

पण तुम्ही म्हणता की मागच्या उन्हाळ्यात असं नव्हतं. मग यावर्षी काहीतरी बदललंय, आणि ते शोधायला स्वस्तातला ओबीडी डोंगल (गाडीच्या सेन्सरांचे आकडे मोबाइलवर दाखवणारा प्लग) आणि मोबाइल पुरतो. त्यात इनटेक एअर टेंपरेचर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान, बघा. सकाळी रात्रभर उभ्या गाडीत इंजिन चालू करण्याआधी ते बाहेरच्या तापमानाएवढं दिसलं पाहिजे, म्हणजे सेन्सर खरं बोलतोय. मग हायवेला ६०-७० च्या वेगाने दहा मिनिटं चालवून बघा. सेन्सर फिल्टर बॉक्सजवळ असेल तर बाहेरच्यापेक्षा पाच-दहा अंश जास्त ठीक आहे, मॅनिफोल्डवर असेल तर आणखी थोडं. सिग्नलला उभं असताना ते ६० च्या वर जाऊ शकतं, त्यात नवल नाही, पण गाडी पळायला लागल्यावर दोन-तीन मिनिटांत खाली यायला हवं. पळतानाही ते बाहेरच्यापेक्षा वीस-पंचवीस अंशांनी जास्तच राहत असेल तर इंजिन बॉनेटखालची गरम हवा ओढतंय.

आणि याचं कारण बहुतेक वेळा एकच निघतं. फिल्टर बॉक्सपासून ग्रिलपर्यंत बाहेरची हवा आणणारा प्लास्टिकचा पाईप निखळलेला, तुटलेला किंवा सर्व्हिसिंगनंतर परत बसवलेलाच नसतो. बंपर काढून रंगकाम झालेल्या गाड्यांत हे फार दिसतं. तो पाईप नसला तरी गाडी चालते, दिवा लागत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण इंजिन मग रेडिएटरच्या मागची साठ-सत्तर अंशांची हवा पितं. इथे फरक एका अंशाचा नाही, वीस-तीस अंशांचा असतो. नुसती घनताच सहा ते नऊ टक्के जाते. त्यावर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, गरम हवा बघून, नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी खडखड) होऊ नये म्हणून इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो, आणि ताकद आणखी पडते. तुम्हाला थ्रॉटल बॉडीच्या पाण्यातून जे मिळवायचं होतं, ते इथे दोनशे-चारशे रुपयांच्या पाईपात कित्येक पटींनी मिळतं. तुमच्या गाडीचा बंपर गेल्या वर्षभरात उतरवला होता का, हे आठवून बघा.

पाईप जागेवर असेल तर पुढे बघा एअर फिल्टर, आणि तो झटकू नका, बदला. थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या. बटरफ्लायच्या मागे तेलकट काजळीचा थर बसतो आणि आयडलिंग बिघडतं. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचा बटरफ्लाय बोटाने ढकलून उघडू नका, आतले प्लास्टिकचे गिअर तुटतात. साफ झाल्यावर स्कॅनरने आयडल लर्निंग करून घ्यावं लागतं. एसीचंही एक बघण्यासारखं आहे. बऱ्याच छोट्या गाड्यांत पेडल पूर्ण दाबलं की ईसीयू काही सेकंद कंप्रेसर सोडतो. कंडेन्सर धुळीने बुजलेला असेल किंवा गॅस जास्त भरला असेल तर कंप्रेसरवर ताण वाढतो आणि चढावर तो जाणवतो. रेडिएटरच्या पुढचा तो कंडेन्सर पाण्याने, हलक्या धारेने धुऊन घ्या. जॅक लावून चारही चाकं हाताने फिरवा. ब्रेक धरून ठेवणारं एखादं चाक सापडलं तर निम्मं कोडं तिथेच सुटतं. आणि २०१४ चा क्लच असेल तर चढावर आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही असं होतंय का, तेही बघा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. ऐकू नका. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन हायवेला कधीच पुरेसं तापत नाही. ईसीयू इंजिन थंड आहे समजून जादा पेट्रोल टाकत राहतो, ॲव्हरेज पडतं, ऑइलमध्ये पाणी आणि पेट्रोल साठतं. आणि घाटात जिथे इंजिन खरंच तापतं, तिथे त्याचा काही उपयोग होत नाही, कारण तिथे थर्मोस्टॅट तसाही पूर्ण उघडलेला असतो. तिथे कामाला येतात पंखा, स्वच्छ रेडिएटर आणि पूर्ण भरलेलं कूलंट.

मनालीबद्दल. महाराष्ट्रात पाईप वळवलेली गाडी बर्फाने अडकलेली मी पाहिलेली नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकडे थंडीच्या काही पहाटे दवबिंदू गोठतात, पण तिथेही सूर्य वर आला की प्रश्न मिटतो. मनालीची गोष्ट वेगळी. २०२० च्या ऑक्टोबरात ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून लोक भर जानेवारीत रोहतांग खिंड न चढता पलीकडच्या लाहौल खोऱ्यात जातात. तिकडे रात्री पारा शून्याच्या बराच खाली असतो. बर्फ पडत असताना किंवा धुक्यात हलक्या पायाने तासन्‌तास चालणारी गाडी म्हणजे थ्रॉटलवर बर्फ धरायला हवी ती सगळी परिस्थिती. तिथे कंपनीचे पाईप कंपनीच्या जागीच हवेत. म्हणून तुम्ही आत्ता काहीही वळवू नका. मनालीला जाण्याआधी कूलंटमधलं पाण्याचं प्रमाण मात्र तपासून घ्या. पुण्यात वर्षभर नुसतं पाणी घालून चालवलेली गाडी तिकडे एका रात्रीत गोठून ब्लॉक फुटू शकतो. अर्धं कूलंट आणि अर्धं डिस्टिल्ड पाणी असेल तर ते उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. रिफ्रॅक्टोमीटरवर एका थेंबात हे प्रमाण कळतं, ते ज्याच्याकडे आहे अशा गॅरेजमध्येच जा. वायपरच्या टाकीतलं पाणीही बदला, आणि बॅटरी चार वर्षांची झाली असेल तर निघण्याआधी तिचा लोड टेस्ट करून घ्या.

आधी ग्रिलपासूनचा पाईप बघा आणि डोंगलवरचे तीन आकडे कळवा: सकाळी इंजिन चालू करण्याआधी, सिग्नलला दहा मिनिटं उभं राहिल्यावर, आणि हायवेला चालताना, सोबत त्या वेळचं बाहेरचं तापमान. सीएनजी आहे की नाही तेही लिहा. त्यावरून पुढचं सांगता येईल.